वेरूळचा घृष्णेश्वर : नाव, कथा आणि उपासना

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहराच्या वायव्येस सुमारे तीस किलोमीटरवर, खुलताबाद तालुक्यात वेरूळ हे गाव आहे. गावाच्या पूर्वेकडील डोंगररांगेत प्रसिद्ध लेणी आहेत, आणि लेण्यांपासून एक-दीड किलोमीटरच्या आतच घृष्णेश्वराचे देवालय आहे. बारा ज्योतिर्लिंगांच्या परंपरागत गणनेत या स्थानाचा उल्लेख अखेरीस येतो. लेण्यांचा अभ्यास पुरातत्त्व आणि कलेतिहासाने केला, तर घृष्णेश्वराचा विचार तीर्थमाहात्म्ये आणि यात्रावर्णने यांच्यावर सोपविला गेला. या विभागणीमुळे एक महत्त्वाचा प्रश्न बाजूला पडला. एकाच परिसरात, एकाच दैवताची, तेराशे-चौदाशे वर्षांची उपासना असताना तिच्या स्मृती मराठी वाङ्मयात कोणत्या रूपाने टिकल्या, आणि शिलालेख-ताम्रपटांतून जे कळते त्याच्याशी त्यांचा मेळ कितपत बसतो? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार तीन अंगांनी केला आहे : स्थानाचे व दैवताचे नाव, त्याभोवतीच्या कथा आणि आज चालू असलेली उपासना.

एलापूर ते वेरूळ

वेरूळचे जुने नाव एलापूर. राष्ट्रकूट राजा दंतिदुर्ग याचा शके ६६३ (इ. स. ७४२) मधील ताम्रपट वेरूळ येथे उपलब्ध झाला. एलापूर येथील गुहेश्वर तीर्थात स्नान करून राजाने दान दिल्याचा निर्देश त्यात आहे. हा उल्लेख दोन कारणांनी मोलाचा ठरतो. पहिले असे की, कैलास लेणे कोरले जाण्यापूर्वीच एलापूर हे स्नान-दानाचे तीर्थ म्हणून मान्यता पावले होते. दुसरे असे की, तेथील दैवताचे नाव 'गुहेश्वर', म्हणजे गुहांचा स्वामी, असे होते. येथील शैव लेण्यांची परंपरा त्याहीपूर्वीची आहे. रामेश्वर (क्रमांक २१) आणि धुमार लेणे (क्रमांक २९) ही इ. स. च्या सहाव्या शतकाच्या आसपासची मानली जातात. धुमार लेण्यातील लकुलीशाची मूर्ती पाशुपत संप्रदायाचे अस्तित्व सुचविते. तेव्हा राष्ट्रकूटांनी वेरूळला शिव आणला असे म्हणता येत नाही. शैवांच्या जागत्या तीर्थाला त्यांनी राजाश्रय दिला, एवढेच म्हणणे युक्त होईल.

'एलापूर' या नावाचे 'वेरूळ' कसे झाले हे मराठीच्या ध्वनिपरिवर्तनाच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. स्वरमध्यस्थ 'प'चा लोप होऊन 'पूर'चे 'ऊर' होणे ही प्राकृतातून आलेली नेहमीची प्रक्रिया होय. एकेरी स्वरमध्यस्थ 'ल'चा मराठीत 'ळ' होणे हीही तितकीच नियमित प्रक्रिया आहे, आणि महानुभाव ग्रंथांतील 'येळापूर' हे रूप तिची साक्ष देते. पुढे 'ळ' आणि 'र' यांचा वर्णविपर्यय होऊन, व आद्य स्वरापूर्वी अर्धस्वराचा आगम होऊन 'वेरूळ' हे रूप सिद्ध झाले, असे मानता येते. युरोपीय प्रवाशांनी रूढ केलेल्या 'एलोरा' या रूपात मात्र 'ल' व 'र' यांचा मूळ क्रम राहिला आहे. म्हणजे परकीयांच्या तोंडी रुळलेले रूप एका बाबतीत मूळ नावाला अधिक जवळचे आहे. गावाशेजारून वाहणारी येळगंगा आणि लोककथेतील येळू राजा ही दोन्ही नावे याच कुळातील होत. राजावरून गावाचे नाव पडले असे लोककथा सांगते. परंतु गावाच्या नावावरून राजा कल्पिला गेला असणेही तितकेच संभवते, आणि स्थलनामांच्या कथांत असे वारंवार घडलेले दिसते.

दैवताच्या नावाची अनेक रूपे

दैवताच्या नावाचा प्रश्न यापेक्षा गुंतागुंतीचा आहे. शिवपुराणाच्या कोटिरुद्रसंहितेत हे लिंग 'घुश्मेश' या नावाने येते. मराठी व्यवहारात 'घृष्णेश्वर' हे रूप रूढ आहे. याखेरीज 'घुसृणेश्वर' असेही रूप आढळते. या तीन रूपांतून तीन निरनिराळ्या व्युत्पत्ती आणि त्यांना जोडून तीन निरनिराळ्या कथा निर्माण झाल्या आहेत.

'घुश्मेश' हे नाव घुश्मा नामक भक्त स्त्रीवरून आले, असे पुराण सांगते. 'घृष्णेश्वर' या रूपाचा संबंध 'घृष्' म्हणजे घासणे या धातूशी लावला जातो. पार्वती तळहातावर कुंकू आणि केशर घासत असता त्यातून लिंग प्रकट झाले, अशी कथा स्थानिक परंपरेत सांगतात, आणि 'कुंकुमेश्वर' हे पर्यायी नावही तिच्या आधाराने दिले जाते. येथे 'घुसृण' या संस्कृत शब्दाचा अर्थ ध्यानात घेणे आवश्यक आहे. 'घुसृण' म्हणजे केशर. कुंकू-केशर घासण्याची कथा 'घृष्' धातूइतकीच 'घुसृण' शब्दावरही आधारलेली आहे. किंबहुना, नावाची दोन रूपे प्रचारात असल्यामुळे एकाच कथेत 'घासणे' आणि 'केशर' हे दोन्ही घटक एकत्र आले, असे म्हणण्यास पुरेशी जागा आहे. नाव आधी आणि कथा नंतर, या क्रमाचे हे बोलके उदाहरण होय.

दंतिदुर्गाच्या ताम्रपटातील 'गुहेश्वर' आणि आजचा 'घृष्णेश्वर' हे एकच असावेत का? स्थळ एक, दैवत एक, तीर्थाचा संबंधही एक. यामुळे हा विचार सहजच सुचतो. परंतु 'गुहेश्वर'पासून 'घृष्णेश्वर' हे रूप नियमित ध्वनिपरिवर्तनाने सिद्ध होत नाही. लोकांच्या तोंडी झिजलेल्या एखाद्या रूपाला पुढे पंडितांनी संस्कृत वळण दिले असेल, तर मधली पायरी लेखी पुराव्याने दाखविणे अगत्याचे ठरते. अशाच प्रकारचे दुसरे आकर्षक साम्य 'कृष्णेश्वर' या नावाशी आहे. कैलास लेणे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण (इ. स. सुमारे ७५६ ते ७७३) याने कोरविले. देवालयाला निर्मात्याच्या नावापुढे 'ईश्वर' जोडून नाव देण्याची त्या काळची प्रथा होती, आणि कडब येथील ताम्रपटात, ज्याच्या अस्सलपणाविषयी मतभेद आहेत, 'कण्णेश्वर' असे नाव येते. 'कृष्णेश्वर' आणि 'घृष्णेश्वर' यांत केवळ आद्य वर्णाचे अंतर आहे. तथापि ध्वनिसाम्य हा पुरावा नव्हे. मराठीत आद्य 'क'चा 'घ' होण्याचा नियम नाही. शिवाय पुराणातील 'घुश्मा' या नावाचा उलगडा या मार्गाने होत नाही. अशा स्थळी अभ्यासकाने शक्यता नोंदवावी आणि निर्णय पुराव्यावर सोडावा, हेच उचित होय.

घुश्मेची कथा

शिवपुराणातील कथेचा सारांश असा : देवगिरी पर्वताजवळ सुधर्मा नावाचा भारद्वाजगोत्री ब्राह्मण आणि त्याची पत्नी सुदेहा राहत असत. त्यांना अपत्य नव्हते. सुदेहेने आग्रह करून आपल्याच माहेरच्या नात्यातील घुश्मेशी पतीचा विवाह करविला. घुश्मा नित्य एकशे एक पार्थिव लिंगे करी, त्यांची पूजा करी आणि जवळच्या सरोवरात त्यांचे विसर्जन करी. एक लक्ष लिंगांची पूजा पूर्ण झाली आणि तिला पुत्र झाला. पुत्र मोठा झाला, त्याचा विवाह झाला. सुदेहेच्या मनात मत्सर वाढला. एका रात्री तिने झोपलेल्या मुलाचा वध करून त्याचे अवयव त्याच सरोवरात टाकले. सकाळी आक्रोश झाला, तरी घुश्मेने पूजेत खंड पडू दिला नाही. विसर्जनास ती सरोवरावर गेली तेव्हा पुत्र काठावर जिवंत उभा होता. शिव प्रकट होऊन सुदेहेला शासन करण्यास निघाला, त्या वेळी घुश्मेने तिच्यासाठी क्षमा मागितली. संतुष्ट झालेल्या शिवाने तेथे 'घुश्मेश' नावाने वास केला, आणि ते सरोवर 'शिवालय' म्हणून प्रसिद्ध झाले.

ही कथा पुराणात असली तरी तिची घडण व्रतकथेची आहे. अपत्यहीनता, सवत, मत्सर, नित्यनेमाची कसोटी आणि गेलेल्याची परत प्राप्ती हे घटक श्रावणातल्या मराठी कहाण्यांच्या परिचयाचे आहेत. कहाणीत संकटाचे निवारण पराक्रमाने होत नाही, घेतलेला वसा न टाकण्याने होते. घुश्मेचीही कसोटी हीच आहे. मात्र दोन बाबतींत ही कथा सामान्य कहाणीहून वेगळी ठरते. एक, अपराध्याला शासन न होता क्षमा मिळते, आणि ती क्षमा देवाकडून आपण होऊन येत नाही. भक्त स्त्री ती मागून घेते. दोन, कथेचे फळ एका कुटुंबापुरते न राहता तीर्थाची स्थापना होते. घरगुती व्रताची कथा क्षेत्रमाहात्म्याच्या पातळीवर कशी उचलली जाते, याचा हा नमुना आहे.

पूजेच्या स्वरूपाकडेही लक्ष द्यावयास हवे. घुश्मेची लिंगे मातीची आहेत. ती रोज घडतात आणि रोज पाण्यात विरतात. पार्थिव पूजेला देवालय लागत नाही, पुजारी लागत नाही, द्रव्यही लागत नाही. ज्या परिसरात एका राजाने अखंड डोंगरातून शिवाचे मंदिर कोरविले, त्याच परिसराची माहात्म्यकथा मातीच्या लिंगावर आणि एका गृहिणीच्या नेमावर उभी आहे. या दोन उपासनापद्धती परस्परविरोधी नव्हेत. परंतु लोकस्मृतीने तीर्थाचे मूळ कोठे मानले, हे या निवडीवरून स्पष्ट होते.

या कथेच्या स्थाननिश्चितीविषयी वादही आहे. राजस्थानातील सवाई माधोपूर जिल्ह्यातील शिवाड येथील घुश्मेश्वर हेच बारावे ज्योतिर्लिंग होय, असा तेथील भाविकांचा दावा आहे. पुराणातील 'देवगिरी' आणि 'शिवालय' या खुणा दोन्ही ठिकाणी लावल्या जातात. वेरूळच्या बाजूने दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. यादवांची राजधानी देवगिरी येथून अगदी जवळ आहे, आणि ज्योतिर्लिंगांच्या एका प्रसिद्ध स्तोत्रात या लिंगाचे स्थान 'इलापूर' असे सांगितले आहे. ज्योतिर्लिंगांच्या यादीतील वैद्यनाथ व नागनाथ यांच्याबाबतीतही परळी आणि औंढा यांना अन्य प्रांतांतील स्पर्धक आहेत. यादी एक आणि स्थाने अनेक, ही स्थिती कोणा एका क्षेत्राच्या खोटेपणाची खूण नव्हे. संस्कृत यादीला प्रांतोप्रांतीच्या उपासकांनी आपापल्या भूगोलात जागा करून दिली, असा तिचा अर्थ आहे.

मराठी ग्रंथांतील वेरूळ

मराठीत वेरूळचा महत्त्वाचा जुना निर्देश महानुभाव वाङ्मयात येतो. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात संकलित केलेल्या 'लीळाचरित्रा'त चक्रधरस्वामींच्या येळापूर येथील प्रदीर्घ मुक्कामाची हकीकत आहे. संप्रदायपरंपरेत हा मुक्काम दहा महिन्यांचा सांगितला जातो. या ग्रंथाची वि. भि. कोलते यांनी संपादिलेली प्रत १९७८ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली. महानुभावांना देवतांची उपासना मान्य नव्हती. त्यांच्या लेखी स्थान पवित्र होते ते तेथे परमेश्वरावताराचा वास घडला म्हणून. त्यामुळे वेरूळच्या शैव माहात्म्याचे वर्णन या ग्रंथात शोधणे व्यर्थ होय. पण याच कारणाने त्यातील नोंदींना वेगळे मूल्य येते. माहात्म्य वाढविण्याचा हेतू नसलेला लेखक गावाचा, वाटांचा, मढांचा आणि देवळांचा उल्लेख करतो तेव्हा तो जे होते तेच नोंदवीत असतो. 'स्थानपोथी'सारख्या ग्रंथांत स्थळांच्या दिशा आणि वास्तूंची मांडणी ज्या काटेकोरपणे येते, तिचा उपयोग यादवकालीन मराठवाड्याच्या स्थलवर्णनासाठी अद्याप पुरता झालेला नाही.

दुसरा महत्त्वाचा ग्रंथ कृष्ण याज्ञवल्की यांचा 'कथाकल्पतरू' होय. पंधराव्या शतकाचा उत्तरार्ध आणि सोळाव्याचा प्रारंभ हा या कवीचा काळ मानला जातो. त्यातील वेरूळची कथा अशी : येळू राजा पूर्वजन्मीच्या पापामुळे असाध्य रोगाने पीडित होता. शिकारीच्या निमित्ताने तो महिसमाळ, म्हणजे आजचे म्हैसमाळ, येथे आला. सोबत आलेल्या राणीने एलापूरच्या घृष्णेश्वराची पूजा केली, आणि राजा बरा झाल्यास शिवाचे देवालय बांधीन असा नवस केला. म्हैसमाळच्या कुंडात स्नान करून राजा रोगमुक्त झाला. राणीने देवालयाचे शिखर दिसेपर्यंत अन्न न घेण्याची प्रतिज्ञा केली. इतक्या अल्प काळात देवालय उभारण्यास कोणी कारागीर धजेना. तेव्हा पैठणचा कोकस पुढे आला. त्याने डोंगराच्या माथ्यावरून कोरण्यास आरंभ केला आणि आठवड्याच्या आत शिखर दाखविले. राणी माणिकावती हिच्या नावावरून देवालयाला 'माणिकेश्वर' हे नाव मिळाले, आणि राजाने तेथे एलापूर वसविले.

या कथेचे महत्त्व पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी दाखवून दिले आहे. कैलास लेणे माथ्याकडून पायथ्याकडे कोरले गेले ही वस्तुस्थिती कथेत नेमकी उतरली आहे. कोकस हे नावही केवळ कल्पित नाही. मध्य भारतातील अकराव्या ते तेराव्या शतकांतील काही लेखांत आपण कोकसाच्या कुळातील असल्याचे शिल्पी अभिमानाने सांगतात. त्याआधी 'वसुदेवहिंडी' या प्राकृत ग्रंथात आकाशयंत्र बनविणारा कुशल कारागीर म्हणून कोक्कास येतो. म्हणजे कोकस हा एकाच वेळी कथेतील अद्भुत कारागीर आणि शिल्पिकुळांचा मानलेला मूळपुरुष आहे. कैलासाच्या खऱ्या शिल्प्याचे नाव कोकस होते असे यावरून सिद्ध होत नाही. मात्र थोर वास्तूचे कर्तृत्व कोणाच्या नावावर टाकावे याचा परंपरेने ठरविलेला संकेत यातून कळतो.

कथेतील तांत्रिक तपशिलाबाबतही सावधपणा हवा. वरून खाली कोरण्याची स्मृती आठव्या शतकापासून तोंडोतोंडी चालत आली, असे एक स्पष्टीकरण देता येते. दुसरेही स्पष्टीकरण शक्य आहे. वेरूळलाच जैन लेण्यांच्या गटात 'छोटा कैलास' (क्रमांक ३०) अपूर्ण अवस्थेत आहे. तो पाहणाऱ्या कोणाही चिकित्सक माणसाला कामाचा क्रम कळू शकतो. शिखराचा उपवास आणि आठवड्याची मुदत हे कथाघटक अशा निरीक्षणातून सुचणे अशक्य नाही. दोन्हींपैकी कोणतेही स्पष्टीकरण घेतले तरी एक गोष्ट कायम राहते. पंधराव्या-सोळाव्या शतकातील मराठी कवीला कैलास हे लेणे बांधलेले नसून कोरलेले आहे, आणि ते वरून कोरले आहे, याची पूर्ण जाणीव होती.

याच्याशेजारी बडोदे येथील ताम्रपट ठेवून पाहावा. राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेतील कर्क सुवर्णवर्ष याचा हा ताम्रपट शके ७३४ (इ. स. ८१२) मधील आहे. एलापूरच्या डोंगरावर कृष्णराजाने निर्मिलेले देवालय पाहून विमानातून जाणारे देव विस्मित झाले, ते मानवनिर्मित नसून स्वयंभू असावे असे त्यांना वाटले, आणि प्रत्यक्ष शिल्प्यालाही आपण हे कसे घडविले याचे आश्चर्य वाटले, असा आशय त्यात आहे. ताम्रपटाचे केंद्र राजाची कीर्ती हे आहे. राजाचे नाव आहे, शिल्प्याचे नाव नाही, राणीचा प्रश्नच उद्भवत नाही. सुमारे सातशे वर्षांनंतरच्या मराठी कथेत हे सगळे उलटले आहे. राजा रोगी आहे, शिल्प्याला नाव मिळाले आहे, आणि देवालय राणीच्या नवसाचे व नावाचे झाले आहे. कृष्णराजाची स्मृती पुसली गेली, आणि तिच्या जागी व्रतस्थ स्त्री उभी राहिली.

येळू राजाची कथा ग्रंथापुरती मर्यादित नव्हती. सर चार्ल्स मॅलेट यांनी १७९४ मध्ये वेरूळला भेट दिली, तेव्हा स्थानिकांकडून त्यांना दोन हकीकती मिळाल्या. मुसलमान परंपरेनुसार राजा ईल हा नऊशे वर्षांपूर्वीच्या मोमीन आरिफ या साधूचा समकालीन होता. ब्राह्मणांच्या सांगण्यानुसार एलिचपूरचा येळू राजा सात हजारांहून अधिक वर्षांपूर्वी होऊन गेला. कालगणनेत इतके अंतर असूनही नाव एकच आहे. खुलताबादच्या दर्ग्यांचा परिसर आणि वेरूळचे क्षेत्र यांत जेमतेम काही किलोमीटरचे अंतर आहे. दोन्ही समाजांनी एकच राजा आपापल्या पवित्र इतिहासाशी जोडून घेतला, ही गोष्ट या परिसराच्या सांस्कृतिक घडणीच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

जीर्णोद्धार आणि आजची वास्तू

आज दिसणारे घृष्णेश्वराचे देवालय प्राचीन लेण्यांच्या काळातील नाही. वेरूळची पाटीलकी भोसले घराण्याकडे होती. छत्रपती शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजी भोसले यांनी या देवालयाचा जीर्णोद्धार केला, अशी परंपरा आहे. देवीच्या कृपेने मालोजींना भूमिगत द्रव्य सापडल्याची कथा बखरींत येते. शिखर शिंगणापूर येथील तळे मालोजींनी बांधविल्याचेही प्रसिद्ध आहे. बखरीतील द्रव्यलाभाची कथा आणि देवस्थानांच्या जीर्णोद्धाराची परंपरा यांचा परस्परसंबंध उघड आहे. उदयास येणाऱ्या घराण्याने मिळालेल्या सामर्थ्याचे मूळ दैवी कृपेत दाखवावे, आणि देवकार्य करून त्या कृपेची फेड करावी, असा हा आकृतिबंध आहे.

अठराव्या शतकात होळकरांच्या आश्रयाने देवालयाला आजचे रूप आले. हे श्रेय मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई आणि त्यांच्या सून अहिल्याबाई (राज्यकारभार १७६७ ते १७९५) या दोघींच्या नावाने सांगितले जाते. लालसर पाषाणातील भिंती, कोरीव खांबांचा सभामंडप, नंदी, दशावतारादी शिल्पांनी सजलेले शिखर अशी या वास्तूची रचना आहे. शिवाच्या देवालयावर विष्णूचे अवतार कोरण्यात मराठा काळातील समन्वयदृष्टी दिसून येते. जवळच शिवालय तीर्थाचे चौरस कुंड आहे. त्याला चारही बाजूंनी पायऱ्या आहेत आणि पायऱ्यांवर आठ छोटी देवालये आहेत. पुराणकथेतील सरोवराला दगडी आकार मिळाला तो असा.

येथे पुन्हा एकदा स्त्रीचे नाव पुढे येते. कथेतील घुश्मा, काव्यातील माणिकावती आणि इतिहासातील होळकर स्त्रिया अशी ही परंपरा आहे. पहिल्या दोघींचे अस्तित्व ऐतिहासिक पुराव्याने दाखविता येत नाही, तिसऱ्या प्रकारच्या स्त्रिया इतिहासाच्या प्रकाशात आहेत. या तिन्हींना एका पातळीवर ठेवणे चूक होईल. परंतु जनमानसात अहिल्याबाईंचे धर्मकार्य इतक्या सहजपणे का रुजले, याचे एक कारण येथे सापडते. देवालय उभारणाऱ्या व्रतस्थ स्त्रीची प्रतिमा त्यांच्या आधीच सिद्ध होती.

उपासना : चालू आणि खंडित

कैलास लेण्याच्या गाभाऱ्यात भव्य लिंग आहे, परंतु तेथे नित्य पूजा चालत नाही. वेरूळच्या ३४ लेण्यांचा समावेश १९८३ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत झाला, आणि त्यांची देखभाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण करते. उपासनेचे केंद्र घृष्णेश्वर हे आहे. एका बाजूला अखंड वास्तू आणि खंडित पूजा, तर दुसऱ्या बाजूला वारंवार नव्याने उभारलेली वास्तू आणि चालू राहिलेली पूजा, असे हे चित्र आहे. 'प्राचीन देवालय' या शब्दाचा अर्थ यापुढे नेमका करावा लागतो. घृष्णेश्वराचे प्राचीनत्व दगडांत शोधले तर ते अठराव्या शतकाच्या फार मागे जाणार नाही. तीर्थ, दैवत आणि नित्यनेम यांच्या सातत्यात शोधले तर ते कैलासापेक्षाही मागे जाते.

देवालयातील काही आचार विशेष उल्लेखनीय आहेत. गाभाऱ्यात प्रवेश करणाऱ्या पुरुषांनी अंगावरील वरचे वस्त्र उतरवावे, असा दंडक आहे. दक्षिणेकडील अनेक शिवस्थानांत आढळणारा हा आचार महाराष्ट्रात विरळा आहे. भाविकांना लिंगाला स्पर्श करून स्वहस्ते अभिषेक करता येतो, हे दुसरे वैशिष्ट्य होय. देव आणि भक्त यांच्यामधील अंतर किमान ठेवणारा हा आचार घुश्मेच्या पार्थिव पूजेशी सुसंगत आहे, कारण तिच्याही पूजेत लिंग हाताने घडविले आणि हाताने विसर्जित केले जाते. महाशिवरात्रीस आणि श्रावणी सोमवारी येथे मोठी गर्दी होते. महाशिवरात्रीस देवाची पालखी शिवालय तीर्थावर स्नानासाठी जाते. पुराणकथेत घुश्मा लिंगे घेऊन ज्या पाण्याकडे जाई, त्याच पाण्याकडे वर्षातून एकदा देव जातो. कथा वाचली जाते, तशी ती या आचारातून चालविलीही जाते. श्रीधरकवींच्या 'शिवलीलामृता'चे (इ. स. १७१८) श्रावणातील घरोघरचे पारायण हे या उपासनेचे मराठी वाचिक अंग होय. देवालयातील संस्कृत मंत्र आणि घरातील मराठी ओवी यांच्या दुहेरी आधारावर महाराष्ट्रातील शिवभक्ती उभी राहिली आहे.

समारोप

वेरूळच्या अभ्यासात दोन प्रकारच्या चुका संभवतात. कथांना इतिहास समजून येळू राजाचा काळ ठरवू पाहणे ही पहिली. ताम्रपटांनी राजा निश्चित केल्यावर कथांना निरुपयोगी ठरविणे ही दुसरी. ताम्रपट देवालय कोणी उभारले ते सांगतो. ते पुढील हजार वर्षे लोकांनी कशासाठी जपले, हे तो सांगू शकत नाही. त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'कथाकल्पतरू', माहात्म्ये, बखरी, कहाण्या आणि पालखीचा मार्ग यांत विखुरलेले आहे. त्यांतून दिसते ते असे : राजाच्या विजयापेक्षा राणीचा नवस, डोंगराएवढ्या लेण्यापेक्षा मातीचे लिंग, आणि शासनापेक्षा क्षमा या गोष्टी मराठी मनाने वेरूळच्या संदर्भात अधिक मोलाच्या मानल्या. हस्तलिखित माहात्म्यांचे संकलन, स्थानपोथीतील नोंदींची प्रत्यक्ष स्थळाशी पडताळणी आणि परिसरातील स्त्रियांच्या तोंडी असलेल्या कहाण्यांची नोंद ही तीन कामे मराठीच्या अभ्यासकांनी हाती घेण्याजोगी आहेत. यांपैकी तिसऱ्या कामाला विलंब परवडणारा नाही, कारण हस्तलिखित पेटीत टिकते, कहाणी सांगणाऱ्या पिढीबरोबर जाते.